लोटस सेव्हनची नक्कल: लंडन, अलिबाग आणि आमचा वाटूर फाटा

आजचा एपिसोड गाडीवर आहे, पण शोरूमवाल्या गाडीवर नाही. कल्पना करा, साल १९५७ आहे. तुम्ही इंग्लंडमध्ये राहता, पगार बेताचा आहे आणि डोक्यात रेसिंगचं खूळ आहे. एक दिवस तुमच्या दारात खोकी येऊन पडतात. आत लोखंडी पाइपांचा एक सांगाडा, ॲल्युमिनियमचा पत्रा, चाकं, स्टिअरिंग, फोर्डचं एक साधं इंजिन. हे सगळं जोडायचं तुम्हीच. आणि कसं जोडायचं ते सांगणारी पुस्तिका मात्र खोक्यात नाही.

का नाही? टॅक्समुळे. त्या काळात इंग्लंडमध्ये तयार गाडीवर जबरदस्त परचेस टॅक्स होता. सुटे भाग घेतले तर तो लागत नसे. पण भागांसोबत जोडणीची माहिती दिली, तर सरकार म्हणणार की ही तयार गाडीच, भरा टॅक्स. मग कंपनीने म्हणे गाडी खोलायची पुस्तिका द्यायला सुरुवात केली. शेवटच्या पानापासून उलटं वाचत यायचं, गाडी उभी राहते. हा किस्सा मोटारवाल्यांनी इतक्या वेळा सांगितलाय की त्याला थोडी कल्हई लागली असणार. पण टॅक्समधली ती फट खरी होती, आणि त्या फटीतून आलेली ही गाडीही खरी होती.

नाव लोटस सेव्हन. बनवणारा माणूस कॉलिन चॅपमन. हाच पुढे फॉर्म्युला वनमध्ये लोटसला सात वेळा कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप जिंकून देणार होता. पण त्या वेळी तो उत्तर लंडनमधल्या हॉर्नसीत, छोट्याशा जागेत गाड्या बनवायचा. शिक्षण स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं. म्हणजे पूल, छप्पर, इमारतींचे सांगाडे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सेव्हनचं पहिलं इंजिन ११७२ सीसीचं होतं आणि ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. आपल्या अल्टो ८०० पेक्षा कमी! तरी ती रेसमध्ये पळायची, कारण तिच्या अंगावर काहीच नव्हतं. दार नाही, वर छत नाही, डिकी नावापुरती. वजन पाचशे किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी. सोमवार ते शुक्रवार ऑफिसला न्यायची आणि शनिवारी त्याच गाडीने क्लबच्या रेसमध्ये उतरायचं, असा हिशोब. ताकद वाढवण्यापेक्षा वजन काढा, हा चॅपमनचा आयुष्यभराचा हट्ट. वजन कमी झालं की गाडी सरळ रस्त्यावरही पळते आणि वळणावरही. नुसती ताकद वाढवली तर फक्त सरळ रस्त्यावर.

आता मी हे सगळं का सांगतोय? मी दिवसा पुण्यात कोड लिहितो. गाव वाटूर, परतूर तालुका, जालना जिल्हा. जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो, तिथे उतरायचं. आणि गेली दोन वर्षं माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरतोय: ही गाडी आपल्याला बांधता येईल का? असली सेव्हन विकत घ्यायचं बजेट नाही आणि व्हायचंही नाही. नक्कल. रेप्लिका.

नक्कल म्हटलं की आपलं तोंड वाकडं होतं. फर्स्ट कॉपी बूट, फर्स्ट कॉपी घड्याळ. गाड्यांच्या जगात तर हा वाद कोर्टापर्यंत जातो. फेरारी २५० जीटीओ ही १९६० च्या दशकातली रेस कार, एकूण ३६ बनल्या. त्यातली एक २०१८ मध्ये लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. आता ज्याच्या तबेल्यात अशी गाडी उभी आहे, त्याला गल्लोगल्ली तिच्या नकला फिरलेल्या चालतील का? २०१९ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाने सांगितलं की या गाडीचा आकार ही कलाकृती आहे, परस्पर कॉपी करता येणार नाही. म्हणजे एका गाडीला चित्र किंवा शिल्पासारखं संरक्षण मिळालं.

त्याच जगात याच्या उलटंही चालतं. अर्जेंटिनात पाराना नावाच्या शहरात पुर सांग नावाचं वर्कशॉप आहे. १९२४ मध्ये शर्यतीत उतरलेल्या बुगाटी टाइप ३५ च्या नकला ते लोक हाताने बनवतात, आणि इतक्या हुबेहूब की जाणकारांनाही दोनदा बघावं लागतं. तिथे खरा धोका वेगळाच आहे. उद्या कुणी त्यावर जुनी नंबर प्लेट ठोकून ती शंभर वर्षांची अस्सल म्हणून विकली तर? माझ्या मते पाप तिथे आहे. नक्कल करण्यात नाही, नक्कल अस्सल म्हणून खपवण्यात आहे.

पण सेव्हनच्या बाबतीत हा प्रश्नच गंमतशीर होऊन बसतो. अस्सल सेव्हन म्हणजे नक्की कोणती? बहुतेक सेव्हन कुणाच्या तरी घरच्या गॅरेजमध्ये, रविवारी, मेव्हण्याला हाताशी धरून जोडल्या गेल्या. कुणी इंजिन वेगळं बसवलं, कुणी सीट. कारखान्यातून बाहेर पडला तो एक सांगाडा आणि एक विचार. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, पहिल्या दिवसापासून यूजर स्वतःच बिल्ड करत होता.

१९७३ मध्ये इंग्लंडमध्ये व्हॅट आला आणि टॅक्सची फट बुजली. लोटसला तोवर मोठ्या, महागड्या गाड्या करायच्या होत्या. सेव्हन बंद करायचं ठरलं. तेव्हा कॅटरहॅम गावचा डीलर ग्रॅहम नर्न याने सेव्हन बनवायचे हक्क घेतले, आणि कॅटरहॅम सेव्हन आजही बनते. अधिकृत मेंटेनर म्हणा. पण फोर्क कसले थांबतात! नेदरलँड्समध्ये डॉन्करव्होर्ट, दक्षिण आफ्रिकेत बर्किन, इंग्लंडमध्येच वेस्टफील्ड. वेस्टफील्डची गाडी तर मूळ गाडीच्या इतकी जवळ गेली की १९८० च्या दशकात कॅटरहॅमने दावा ठोकला. शेवटी बाहेरच मिटलं, वेस्टफील्डने डिझाइन बदललं.

मग १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या इंग्रज माणसाने एक पुस्तक काढलं. २५० पौंडात स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, अशा अर्थाचं नाव. रेसिपी अशी: एक जुनी, भंगारात निघालेली फोर्ड एस्कॉर्ट आणायची. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, स्टिअरिंग काढून घ्यायचं. एक इंची चौकोनी पाइप आणायचा, १६ गेजचा. घरी कापायचा, घरी वेल्डिंग मारायचं. सांगाडा तयार. याला पुढे नाव पडलं लोकॉस्ट, म्हणजे लोटस आणि लो कॉस्ट एकत्र. जगभर लोकांनी असल्या गाड्या बांधल्या. यातले कितीतरी जण इंजिनिअर नव्हते.

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्या सांगाड्याचा ड्रॉइंग मोबाइलमध्ये घेऊन मी फाट्यावरच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो. तिथे ट्रॉल्या बनतात, नांगर दुरुस्त होतात, पेरणी यंत्राचे फण लागतात, शेडची कामं होतात. दुकानवाल्या मामांनी चष्मा वर केला, स्क्रीन दोन बोटांनी मोठी केली.

"हे तं शेडची कैची हाये," मामा म्हणाले. "आडवी निजवलेली."

मंडळी, मी चार वर्षं बीटेक केलं. कॉलेजात बाजाच्या टीममध्ये रात्र रात्र रोल केज बनवला. स्पेस फ्रेम या शब्दावर व्हायव्हा दिला. पण इतकी नेमकी व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती. पत्र्याच्या शेडवर वादळ येतं तेव्हा छप्पर कशाने टिकतं? कैचीच्या तिरक्या पट्ट्यांनी. चौकट कोपऱ्यातून दाबली तर तिरकी होते, पण त्यात एक आडवी-तिरकी पट्टी मारली की दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण मुरगळत नाही. प्रत्येक पाइप एकतर दाबला जातो नाहीतर ताणला जातो, वाकवला जात नाही. म्हणून तो बारीक असला तरी चालतो. म्हणून गाडी हलकी. चॅपमन स्ट्रक्चरल इंजिनिअर होता ना? त्याने छपराचं गणित आडवं करून त्याला चाकं लावली.

मामांनी पाइपाचे भाव तोंडपाठ सांगितले, दोन दिवसांत टाके मारून देतो म्हणाले. जालन्यात लोखंडाला काय तोटा! सळईच्या रोलिंग मिल्सवर अर्धं शहर चालतं. मग चहा आला, आणि मामांनी खरा प्रश्न टाकला.

"पाइपाचं काय घेऊन बसला बाबू. पासिंग कुठं करणार?"

या प्रश्नाकडे येऊच. पण त्याआधी तुम्हाला अलिबागला नेतो. कारण महाराष्ट्रात ही नक्कल एकदा खरंच झालीय, आणि आपल्या पिढीतल्या फार थोड्या लोकांना ते माहीत आहे.

कंपनी चिंकारा मोटर्स. गुइडो आणि शमा बोथे यांची. गुइडो बोथे मूळचे जर्मन. ऑफिस मुंबईचं, गाड्या बनायच्या अलिबागजवळ. चिंकारा म्हणजे आपल्याकडच्या माळरानावरचं ते बारीक अंगाचं हरीण. नाव अगदी चपखल. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रोडस्टर १.८ एस नावाची गाडी आणली. फोटो शोधा आणि शेजारी लोटस सेव्हन ठेवा. तेच लांबलचक नाक, तेच बाहेर उघडे पडलेले पुढचे चाक, त्यावर सायकलच्या मडगार्डसारखं मडगार्ड, तेच दोन माणसांपुरतं खोपट. आत पाइपांचा सांगाडा, वर फायबरग्लासची बॉडी.

फायबरग्लासच का? पत्र्याची बॉडी मोठ्या संख्येने बनवायची तर डाय लागतात आणि ते दाबणारे प्रचंड प्रेस. त्याचा खर्च लाखभर गाड्यांवर वाटला तरच परवडतो. वर्षाला मोजक्या गाड्या बनवणाऱ्याला फायबर बरा. एक साचा करायचा, त्यात काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वर रेझिनचे हात मारायचे, वाळलं की उचलायचं. कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांसाठी लोक हेच करतात. त्याच सुमारास गोव्याच्या सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडीही फायबरचीच होती, तिच्यात रेनॉचं इंजिन. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर एकाच काळात दोन छोट्या स्पोर्ट्स कार बनत होत्या. आज सांगितलं तर खोटं वाटतं.

आणि रोडस्टरचं इंजिन कुठलं? इथे मला खरी मजा येते. १.८ लिटरचं इसुझु इंजिन. म्हणजे आपल्या अँबेसेडरमध्ये आणि कॉन्टेसामध्ये जे बसायचं त्याच घराण्यातलं. कलेक्टर ऑफिसबाहेर उभी असायची ती पांढरी अँबेसेडर, तिचं काळीज काढून रेस कारच्या नकलेत. ताकद साधारण ११५ हॉर्सपॉवर असा कंपनीचा दावा होता. अँबेसेडरमध्ये हेच इंजिन बिचारं सरकारी फायली ओढायचं.

हे इंजिन निवडण्यामागे तांत्रिक कारणही स्पष्ट दिसतं. सेव्हनसारख्या गाडीला पुढे उभं, लांबीच्या दिशेने बसवलेलं इंजिन लागतं, मधून जाणारा शाफ्ट लागतो आणि ताकद मागच्या चाकांना. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतात. स्विफ्टचं इंजिन काढून सेव्हनच्या नाकात उभं करायचं म्हटलं तर गिअरबॉक्सपासून सगळंच बदलावं लागतं. अँबेसेडर जुन्या वळणाची होती, म्हणून सोयीची होती. चॅपमननेही काय केलं होतं? फोर्डच्या साध्यासुध्या गाडीचं इंजिन उचललं होतं. म्हणजे अलिबागच्या गाडीने सेव्हनचा फक्त आकार उचलला नाही, रीतही उचलली. आपल्या देशातली सगळ्यात ओळखीची गाडी घ्या, तिचं इंजिन घ्या, हलक्या सांगाड्यात बसवा. मला तरी ही अर्जेंटिनातल्या हुबेहूब बुगाटीपेक्षा जास्त प्रामाणिक नक्कल वाटते.

पण अशा रीतीत एक मेख आहे. तुमची गाडी दुसऱ्याच्या गाडीवर जगते. कॉन्टेसा २००२ मध्ये बंद झाली. अँबेसेडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यात थांबलं. ज्या विहिरीवर मोटर बसवली तीच आटली.

आता मामांचा प्रश्न. पासिंग.

इंग्लंडमध्ये घरी बांधलेल्या एकट्या गाडीसाठी वेगळी तपासणी आहे, इंडिव्हिज्युअल व्हेइकल ॲप्रूव्हल. तुम्ही गाडी घेऊन जाता. ब्रेक, दिवे, धूर, कुठे धारदार कडा आहे का, सीटबेल्टचं नट कुठे पकडलंय, सगळं बघतात. पास झालात की नंबर मिळतो. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून छोट्या कंपन्यांना वर्षाला ३२५ पर्यंत रेप्लिका गाड्या विकायची मुभा दिली. प्रत्यक्ष नियम यायला पुढे बरीच वर्षं गेली, तो भाग वेगळा. सरकारी काम तिकडेही सरकारीच.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम आहे. गाडीचा नमुना ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्यायचा. या संस्था बघा कुठे आहेत: पुण्यात एआरएआय, पुण्यातच सीआयआरटी, आणि अहिल्यानगरला व्हीआरडीई. वाटूरहून एसटीने जाता येईल इतक्या जवळ! पण ती सगळी यंत्रणा कंपन्यांसाठी आहे, हजारो गाड्या बनवणाऱ्यांसाठी. २०१९ पासून सगळ्या नवीन कारना क्रॅश टेस्टचे नियम लागू झाले, २०२० पासून बीएस सहा. एकच गाडी बांधणारा माणूस क्रॅश टेस्टला काय देणार? तीच गाडी ना! मग घरी नेणार काय?

बरं, जुन्या गाडीची कागदपत्रं वापरून वर नवी बॉडी चढवली तर? तेही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही. आणि आपल्याच शेतात फिरवू, कोण बघतंय, असं म्हणणाऱ्यांनी कलम ३९ वाचा. नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायची नाही, एवढंच तिथे लिहिलेलं नाही. "इतर कोणत्याही ठिकाणी" असंही आहे.

हे नियम मूर्खपणाचे आहेत असं मी म्हणणार नाही. वाटूर फाट्यावर ज्याने रात्रीचा अपघात बघितलाय, तो म्हणणार नाही. सेव्हनमध्ये एअरबॅग नाही, बाजूला दार नाही, समोरून ट्रक आला तर तुमची मान त्याच्या बंपरच्या उंचीवर. वेल्डिंगचा टाका वरून चकाचक आणि आतून पोकळ असू शकतो, आणि ते वळणावरच कळतं. तपासणी हवीच. माझं म्हणणं एवढंच की तपासणीचा दरवाजा हवा, भिंत नको.

दरवाजा नसला की काय होतं तेही आपण बघितलंय. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने टू-व्हीलरचं इंजिन बसवून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तो व्हिडिओ व्हायरल झाला. आनंद महिंद्रांनी त्याला ती गाडी देऊन बोलेरो घ्यायची ऑफर दिली, कारण ती आज ना उद्या नियमांत अडकणारच होती. जानेवारीत अदलाबदल झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही स्टेटस ठेवलं. पण विचार करा, त्याची स्वतःची गाडी कंपनीच्या संग्रहात गेली आणि तो कंपनीची गाडी चालवत घरी आला. काही महिन्यांनी, २०२२ मध्ये, फॉर्म्युला वनसारख्या तीनचाकीतून दुधाचे कॅन नेणाऱ्या माणसाचा व्हिडिओ आला. तेव्हाही महिंद्रांनी कौतुक केलं आणि सोबत लिहिलं की ही रस्त्याच्या नियमांत बसते की नाही माहीत नाही. दर वर्षी एक व्हिडिओ, लाखो लाइक्स, आणि पासिंग कुणाचंच नाही.

मग आज वाटूरला सेव्हन बांधायची झाली तर इंजिन कुठलं? यावर मी भरपूर वेळ घालवलाय, त्यामुळे ऐकून घ्या. २०१३ मध्ये खुद्द कॅटरहॅमने सेव्हन १६० काढली. इंजिन सुझुकीचं, फक्त ६६० सीसी, टर्बो, ८० हॉर्सपॉवर, गाडीचं वजन ४९० किलो. २०२१ ची सेव्हन १७० त्याहून हलकी, ४४० किलो. म्हणजे मूळ घराण्यानेच सांगून टाकलं की छोटं सुझुकी इंजिन चालतं. आणि आपल्या रस्त्यावर सुझुकीची कोणती गाडी अजून जुन्या वळणाची आहे? लांबीत बसवलेलं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, मागे सरळ ॲक्सल? ईको. फाट्यावर काळी-पिवळीसोबत उभी असते ती. १.२ लिटर, चार सिलिंडर, ज्याचे पार्ट मंठ्यातही मिळतात आणि जी कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून खोलतो. जी भूमिका चॅपमनसाठी फोर्डने केली आणि अलिबागसाठी अँबेसेडरने, ती आज ईको करू शकते. एखादी अपघातात मागून चेपलेली ईको बघून ठेवा, असं मी घरी सांगितलं, तर आई म्हणाली, आधी लग्नाचं बघ.

सध्या काम इथवर आलंय: सांगाड्याचं ड्रॉइंग मी कॅडमध्ये नव्याने काढतोय, कारण लोकॉस्टची मापं एस्कॉर्टच्या इंजिनासाठी आहेत आणि ईकोचं इंजिन, गिअरबॉक्स वेगळ्या मापाचे. मामांनी नुसता सांगाडा उभा करायचं कबूल केलंय. सांगाड्याला पासिंग लागत नाही. त्यांची अट एकच, कोपऱ्यातले तिरके पाइप ते सांगतील तसे मारायचे, "कम्प्युटर काय बी म्हणू दे". यावर आमची फोनवर चर्चा चालू आहे.

एक विनंती. अलिबाग, रेवदंडा, चौल, पेण भागातले कुणी ऐकत असाल आणि तुमच्या घरात, ओळखीत कुणी चिंकाराच्या शेडमध्ये काम केलं असेल, साचे भरले असतील, वेल्डिंग मारलं असेल, इंजिनं बसवली असतील, तर त्यांच्याकडून एक व्हॉइस नोट घ्या आणि मला पाठवा. त्यांच्याच आवाजात हवी. दोन मिनिटांची असली तरी चालेल, मागे कोंबडा ओरडला तरी चालेल. पुढचा गाड्यांवरचा एपिसोड त्यांच्या तोंडूनच ऐकवायचा विचार आहे.